भावे प्रयोग

रात्री साडेबाराला न्यूयॉर्कची दुपार सुरू होते.
बोपोडीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
तुपाची बरणी सरकवून मी लॅपटॉप उघडते.
पडद्यावर देशोदेशींच्या पाट्या
आणि मसुद्याचं बाविसावं कलम,
जिथे सोमवारपासून गाडं अडलंय.
दिल्लीहून थंगराज लिहितो:
मॅडम, एकच क्रियापद राहिलंय.

एकच.
मसुदा इंग्रजीत आहे, पण मला तो मराठीतच कळतो:
"राष्ट्रांनी संगणकजाळ्यात संयमाने वागावे."

शाळेत डोंगरेबाईंनी खडू मोडत सांगितलं होतं,
कर्त्याला ने किंवा नी लागला,
आणि क्रियापद कुणाच्याच लिंगवचनाला
भीक घालेनासं झालं,
की समजायचं, भावे प्रयोग.
दादांना कितीतरी वर्षं वाटायचं,
सदाशिव पेठेतल्या कुणा भाव्यांनीच तो केला असणार.

मोठ्या राष्ट्राने वागावे.
छोट्या राष्ट्रांनी वागावे.
बेटाने वागावे, साम्राज्याने वागावे.
कर्ते बदलत राहतात, क्रियापद ढिम्म.
कुणाच्याच दारात जाऊन
कडी वाजवत नाही ते.

दादा शेजारच्या खोलीत जागे आहेत.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहेतीस वर्षं,
सगळा फंड एका पतसंस्थेत,
आणि पतसंस्था अकरा दिवस कुलूपबंद.
दाराला कुलूप नाही. दार उघडंच आहे.
आत काउंटरच्या पडद्यावर लाल आकडे उलटे मोजतायत
आणि मॅनेजर कुदळे हातानं पाटी लिहून बसलेत,
"तांत्रिक कारणास्तव".
दादा रोज पासबुक पिशवीत घालून जातात.
तसंच घेऊन येतात.

काल म्हणाले, कुणी केलं हे?
म्हटलं, हल्ला झाला.
झाला ते कळलं. केला कुणी?
म्हटलं, माग तीन देशांतून फिरून जातो,
तिसऱ्या देशाला आपण पत्र पाठवलंय,
त्यांनी चिंता व्यक्त केली आहे.

दादा हसले नाहीत.
आमच्या प्रत्येक गोळ्याला लॉट नंबर असायचा, म्हणाले.
कुठल्या पाळीत भरला, कुणी तपासला.
फुटल्यावरसुद्धा
तुकडा उचलून वाचता यायचा.

थंगराजला मी ही गोष्ट सांगितली.
बराच वेळ तो काही लिहीत होता, खोडत होता.
मग आलं: फार घट्ट नको बांधायला, मॅडम.
आज आपण खिडकीबाहेर रांगेत आहोत,
उद्या काउंटरच्या आत असू.

तरी माझी तीन मिनिटं आली तेव्हा
मी "वागावे" काढून "वागतील" सुचवलं.
राष्ट्रे वागतील.
म्हणजे कर्ता समोर उभा, हात बांधून.
एका बेटावरच्या बाईंनी पाठिंबा दिला,
त्यांच्यामागे पंखा गरगरत होता, आवाज तुटत होता.
मग दोन महाराष्ट्रे,
नव्हे, दोन महासत्ता (रात्री दोनला जीभ घरी पळते),
एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या,
या एका मुद्द्यावर एक झाल्या.

अध्यक्षांनी आभार मानले.
माझ्या क्रियापदाच्या दोन बाजूंना
दोन चौकोनी कंस येऊन बसले.
खोडलेलं नाही. ठेवलेलंही नाही.
वेटिंग रूममधल्या पाहुण्यासारखं,
ज्याला कुणी चहा विचारत नाही.

पहाटे दादांनी आधण ठेवलं.
झालं का काम?
झालं, म्हटलं, आणि जीभ चावली.
म्हणजे, कंसात आहे. मार्चपर्यंत.
मार्चात घरपट्टीही भरायची असते, म्हणाले.

पासबुक पिशवीत गेलं, पाण्याची बाटली गेली.
दारातून ते परत फिरले,
शोकेसवरचा जवळचा चष्मा घेतला.
असू दे, म्हणाले,
कुणी एखादा तुकडा दाखवलाच तर.